कोरड्या तोंडानं धाडलेली झाडं

"झाड मेलेलं पोचलं. चादर मात्र फार छान आहे. तशाच आणखी दोन मिळतील का?"

डेहराडूनच्या कुणा बाईचा हा निरोप गेल्या हिवाळ्यात रत्नम्माच्या मोबाइलवर आला. अक्षर बारीक, चष्मा जुना, म्हणून तिनं तो शेजारच्या झीनतला वाचायला दिला. चूक तिथंच झाली. झीनतच्या घरी मिठाईची खोकी बनतात. सकाळपासून चार बायका पुठ्ठ्याला खळ लावत बसलेल्या असतात, आणि हात गुंतले की कान मोकळे राहतात. दुपारी दोनला वाचलेला निरोप चारला सोलापूरच्या बाळीवेशीच्या कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर पोचला, आणि सहाला रत्नम्माच्या धाकट्या दिरापर्यंत, महादेवप्पापर्यंत. महादेवप्पानं तो पाठच केला. पुढं वर्षभर बारसं असो की वास्तुशांत, पंगतीत कुणी रत्नम्माची चौकशी केली की मठ्ठ्याचा पेला ओठाशी नेता नेता तो म्हणायचा, "वैनीचं काय, झाडं मरत्यात, चादरी जगत्यात."

रत्नम्मा मूळची मंद्रूपची, कर्नाटकाच्या शिवेजवळची. सोलापुरात नांदायला येऊन अडतीस वर्षं झाली, तरी बोलणं मंद्रूपचंच. रागावली की कानडीत शिरते आणि फार रागावली की गप्प बसते. घरच्यांना कानडी परवडते, गप्प बसणं परवडत नाही. नवरा गुरुलिंगप्पा जाऊन नऊ वर्षं झाली. घर दोघा भावांचं. खाली महादेवप्पा आणि त्याची बायको काशम्मा, वर रत्नम्मा, आणि त्याच्याही वर गच्ची. गच्ची दोघांची, म्हणजे कुणाचीच नाही, म्हणजे आधी चढेल त्याची. रत्नम्मा आधी चढली.

तिनं तिथं तुळस लावली, जळाली. मोगरा लावला, तोही गेला. सोलापूरच्या मे महिन्यात गच्चीवर तवा न ठेवता पापड भाजून निघतो, तिथं मोगऱ्यानं तरी काय करावं? मग एकदा मंद्रूपच्या आठवडी बाजारात एका माणसानं तिला एक बुटकं झाड दिलं. बुंधा तळाशी फुगलेला, रांजणासारखा, वर चार फांद्या आणि गुलाबी फुलं. नर्सरीवाले त्याला अडेनियम म्हणतात. गल्लीनं त्याचं नाव ठेवलं पोटल्या. त्या पोटात तो पाणी साठवतो आणि पंधरा पंधरा दिवस कुणाकडे काही मागत नाही. ज्या शहरात नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं, तिथं असल्या झाडावर बाईचा जीव जडला तर नवल नाही. तिनं त्याचं बी धरलं, रोपं केली, कलमं बांधली. आता गच्चीवर चारशे पोटल्या आहेत. काही लोक म्हणतात चारशे एक. पण महादेवप्पाला त्यात धरणं बरं नव्हे.

झाडं विकायला ती मोबाइलवर शिकली. सुरतेला जातात, नागपूरला जातात, कोचीनला जातात. आठ महिने सगळं सुरळीत. घोडं अडायचं ते हिवाळ्यात, उत्तरेकडे.

आता खरं सांगायचं तर सोलापूरच्या माणसाला थंडीतलं काही कळत नाही. पारा पंधरावर आला की आपल्याकडे माकडटोप्या निघतात, आणि लोक एकमेकांना 'गारठा लई हाय' असं काश्मीरहून परत आल्यासारखं सांगतात. थंडीवर औषध एकच, चादर. रत्नम्मानंही तेच केलं. एका कारखान्यातून चादरीचे बाद तुकडे आणले, प्रत्येक झाड बाळंतिणीसारखं गुंडाळलं आणि निघण्याआधी प्रत्येकाला मायेनं पोटभर पाणी पाजलं. अकरा झाडं गेली. अकराही मेली. चादरी तेवढ्या सुखरूप पोचल्या. उन्हाळ्यात तिनं अकराही जणांना दुसरं झाड फुकट पाठवलं, पण नाव व्हायचं ते झालं होतं.

महादेवप्पाबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत, नाहीतर तो रुसेल. त्याचा मंडपाचा धंदा. कनाती, गाद्या, पातेली, आठशे खुर्च्या. धंद्यात माणूस चोख, आणि आपल्या चोखपणाची गोष्ट तो जेवढ्या वेळा सांगतो तेवढ्या वेळा देवाचं नावही घेत नाही. शंभर खुर्च्या मागितल्या की हा एकशेपाच पाठवतो. "वाटंत मोडत्यात की. मोडू देत. मागितल्यात तेवढ्या धड मिळाल्या की गिऱ्हाइकाला त्वांड उघडायचं काम न्हाय!" केम गावी एका लग्नात नवरीच्या मामानं चार खुर्च्या मोडक्या आल्याची तक्रार केली, तेव्हा यानं भर मांडवात त्याला मोजायला लावलं. दोनशे मागितल्या, दोनशेदहा आल्या, दोनशेसहा धड. "बोला, कमी पडल्या का?" ही गोष्ट बाळीवेशीत ज्यानं ऐकली नाही, तो बाळीवेशीतला नाही.

तर या वर्षी मार्गशीर्ष लागला आणि रत्नम्माला सोलनहून फोन आला. सोलन म्हणजे शिमल्याच्या अलीकडचा डोंगर. बाईचं नाव कुसुम नेगी. तिनं काचेचं घर बांधलं होतं, खालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या, आणि तिला तिथं चाळीस अडेनियम हवी होती.

"लेकिन अभी चाहिए, रत्नाजी. पुणे, बंगलोर, सबसे पूछा. सब बोले होली के बाद. आप भी मना करेंगी?"

त्या बाईला कल्पना नव्हती, पण हे 'आप भी' रत्नम्माला उभ्या जन्मात सोसलेलं नाही. ती म्हणाली, "मैं भेजती. चाळीस. सगळे जिंदे."

फोन ठेवल्यावर तिला गेल्या हिवाळ्यातली अकरा झाडं आठवली. पण शब्द सोलनला पोचला होता, तो काही चादर गुंडाळून परत येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं. नळाला पाणी येतं त्या दिवशी आपल्या गल्लीत सगळ्या ग्रामसभा भरतात. महादेवप्पा बनियनवर पाइप धरून उभा होता. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "वैनी, औंदा किती चादरी धाडायच्यात?"

घागरी हसल्या.

"चादर न्हाय. चाळीस झाडं. सोलनला."

"कुटं?"

"शिमल्याच्या आलीकडं."

"शिमला!" त्यानं पाइप बाजूला टाकला. "आवो, तितं थंडीनं माणसं मरत्यात. झाडाला काय स्वेटर घालणार?"

"तुमी गेल्ता की केदारनाथला. आलासा न्हवं माघारी? तुमचं प्वाट मोठं, माज्या झाडाचंबी प्वाट मोठं. तीबी येतील जगून."

आता मात्र घागरी फुटेस्तोवर हसल्या. महादेवप्पाला सगळं चालतं, पोटावर गेलेलं चालत नाही. त्याचा आवाज चढला. "हसायचं काम न्हाय. पौष लागला की लग्नं बंद. माजं समदं सामान घरला येतंय. आठशे खुर्च्या कुटं ठिवू, डोक्यावर? चार वरसं झाली म्हणतोय, गच्चीवर पत्रा टाकू. एकदाच सोक्षमोक्ष लावा की! चाळीस मागितल्यात न्हवं? मागितलेली चाळीस जिवंत मिळाली, तर गच्ची तुमची, मी पुन्ना नाव काढायचा न्हाय. कमी पडली, तर संक्रांतीच्या आदी पत्रा."

काशम्मानं मागून नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल ओढला. त्यानं तो झटकला. पाणी बादलीतून वाहत राहिलं, आणि ते बंद करायचं कुणालाही सुचलं नाही, यावरून प्रसंग ओळखावा.

"गल्ली साक्षी हाय," रत्नम्मा म्हणाली. "ठरलं. आन पत्रा टाकायची येळ आलीच, तर पयला खांब मी धरीन."

ती कंबरेवर घागर घेऊन ताठ जिना चढली. वर गेल्यावर मात्र तिनं चारशे झाडांकडे पाहिलं. पत्रा पडला तर ही जायची कुठं? खोलीला एक खिडकी, तीही उत्तरेला.

झीनत मागोमाग आलीच. "अक्का, तुमे सोच के बोले ना?"

"बोलून झाल्यावर कुणी इचार करतं व्हय? ते ऱ्हाऊ दे. मला थंडी पायजे. सोलापुरात कुटं मिळंल?"

झीनत ओढणी तोंडाला लावून हसत सुटली. "थंडी? थंडी कू तो हमारे मियाँ रोज गाली देतें!"

झीनतचा नवरा अल्लाउद्दीन शहराबाहेरच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये यंत्र सांभाळतो. भर मे महिन्यात लोकरीची टोपी हातात घेऊन कामाला निघणारा सोलापुरातला तो एकटाच इसम. पोरं त्याला शिमल्याचे राजे म्हणतात. रत्नम्मा रिक्षातून पाच खोकी घेऊन त्याच्या दारात उतरली.

"अक्का, ये बेदाणे का घर है. झाडां कू कौन लेता?"

"कोपरा दे की रं. माजी झाडं बेदाण्याला काय बोलायची न्हाईत."

अल्लाउद्दीननं मालकाला विचारलं. मालक हसला आणि ठेवा म्हणाला. फुकट करमणूक कोण सोडतो?

तिचा बेत असा होता की पाच झाडांना पाच तऱ्हेचे कपडे करायचे. एकाला चादर, एकाला कापूस, एकाला कडब्याचा चुरा, एकाला थर्माकोल आणि एकाला नुसती वर्तमानपत्राची रद्दी. सात दिवस अंधारात, चार अंशांवर. जे तगेल त्याचा कपडा खरा. फक्त त्या आठवड्यात नळानं दगा दिला. पाचव्या दिवशी येणारं पाणी सातव्या दिवशीही आलं नव्हतं. पिंपाच्या तळाशी उरलेल्या पाण्यात चार झाडांची पाजणी झाली आणि पाचवं, रद्दीतलं, तसंच राहिलं. रत्नम्मानं त्याची माफी मागितली. "जा बाई, आल्यावर पाजते."

सात दिवसांनी पाचही बाहेर आली आणि गच्चीवर उन्हाला बसली. दुसऱ्या दिवशी चादरीतल्या झाडाच्या पोटावर तिनं अंगठा टेकवला, तर अंगठा आत. पिकून गळालेल्या सीताफळागत. तिसऱ्या दिवशी कापूस गेला आणि कडबा गेला, चौथ्या दिवशी थर्माकोल. रद्दीतला पोटल्या मात्र मानपान राहिलेल्या व्याह्याच्या चेहऱ्यासारखा कडक. अंगठा दुखला, पण तो दबला नाही.

रत्नम्मा तशीच धावत झीनतच्या दारात. "रद्दी गं! रद्दीत जीव हाय! आख्ख्या गल्लीची रद्दी गोळा कर."

झीनत बाई मोठी शांत. पुठ्ठ्यावरची खळ बोटानं निपटत म्हणाली, "पुराने अखबार में क्या जान अक्का? उस एक कू तुमे पानी नई पिलाए थे."

रत्नम्माचा चेहरा लाल झाला. "म्हंजे? माज्या पाण्यानं मेली म्हणतीस?"

"मैं कां बोली? झाडां बोल रे."

हे पचणं सोपं नव्हतं, आणि का ते मंद्रूपला गेल्याशिवाय कळायचं नाही. तिच्या माहेरच्या दारात रांजण असायचा. उन्हातून येणाऱ्याला पाणी, हे कुणीही देतं. पण तिचा बाप निघालेल्यालाही द्यायचा. वाटेला लागणारा माणूस कोरड्या तोंडानं उंबरा ओलांडून गेला तर तो दिवसभर जेवायचा नाही. त्या घरची लेक ती. तिनं अकरा झाडांना निघताना पोटभर पाणी पाजलं होतं, आणि अकरा झाडं त्याच पाण्यानं गारठून कुजली होती. म्हणजे महादेवप्पा हसला ते चादरीला. खरी गोष्ट त्याला कळली असती तर केमच्या मामाची गोष्ट कायमची बंद पडली असती.

ती झीनतला कानडीत काहीतरी बोलली आणि घरी आली. दोन दिवस गप्प. काशम्मानं खालून आमटी पाठवली, ती तशीच राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसताना तिनं फडक्यातली कालची भाकरी उघडली. कडेला हिरवट बुरा. ती बाजूला टाकून डब्यातली कडक भाकरी काढली. तीन आठवड्यांपूर्वी केलेली, पापडासारखी वाळवलेली, मोडली तेव्हा कट्कन वाजली. शेंगाचटणीला लावून पहिला घास तोंडात घातला आणि तो तसाच राहिला. बाप बैलगाडीनं विजापूरकडे निघायचा तेव्हा आई फडक्यात काय बांधायची? कडक भाकरी. मऊ भाकरी का नाही म्हणून तिनं लहानपणी विचारलं होतं. आई म्हणाली होती, "वली भाकर वाटंत दगा देती, यव्वा. वाटंला कडकच." म्हणजे माणूस पाणी पिऊन निघत होता आणि शिदोरी कोरडी निघत होती, एकाच उंबऱ्यावरून, रोज, आणि तिनं दोन्ही पाहिलं होतं.

ती उरलेली चतकोर हातात घेऊन झीनतकडे गेली आणि पुठ्ठ्यांच्या ढिगावर ठेवली.

"मान गए?" झीनतनं विचारलं.

"तुजं न्हाय ऐकलं. भाकरीचं ऐकलं."

मग कामाला जोर आला. चाळीस झाडं कुंडीतून उपटली आणि मुळांची माती ब्रशानं झाडून काढली, कण म्हणून ठेवला नाही. तुटलेल्या मुळांना हळद लावली. पानं आपली आपण गळतील ती गळू दिली, उरलेली खुडली. आणि सहा दिवस जिन्याखालच्या सावलीत, वाऱ्यावर, सुकत टाकली. जिन्यावरून जाता-येता महादेवप्पा बघायचा. "वैनी, मयताची तयारी लई निगुतीनं चाललीय."

"तुमी खांब मोजून ठिवा," ती म्हणायची.

सहा दिवस ती पाण्याच्या तांब्याकडे न बघता त्या झाडांवरून गेली. उपास करणाऱ्या लेकरासमोरून जेवणाचं ताट नेल्यासारखं तिला वाटे. तोंडानं ती म्हणत राहिली, "सोलापूरची हायसा. तहान काय आज बघताय? गप पडा."

झीनतनं जाड पुठ्ठ्याची खोकी केली, आतून थर्माकोल, भोक एकही नाही. गार वारा आत शिरता कामा नये. प्रत्येक झाड रद्दीत घट्ट, मध्ये कागदाचा चुरा ठासून, खोकं हलवलं तर आवाज येता कामा नये. भरून झाल्यावर रत्नम्मानं आणखी दोन झाडं आणली.

"चालीस बोले थे ना?"

"वर दोन. वाटंत काय सांगता येतं?"

शेवटचं, बेचाळिसावं, तिचं सगळ्यात लाडकं होतं. पहिल्या झाडाच्या पहिल्या बियांतलं. ते खोक्यात ठेवताना तिनं झीनतकडे पाठ केली. झीनत चिकटपट्टी फाडत होती, पण आरशातून बघितल्यासारखं तिला सगळं दिसतं. रत्नम्मानं तांब्या कलता केला आणि दोन ओंजळी, फक्त दोनच, त्या मुळांवर सोडल्या. झीनतनं खोक्याला पट्टी लावली.

खोकी सोमवारी निघाली. सोमवारच का, तर शनिवारी दिलेलं सामान रविवारी कुठल्यातरी गोदामात गारठत पडतं. हे तिला अकरा मेलेल्या झाडांनी शिकवलं होतं. कुरिअरच्या खिडकीतल्या माणसानं पत्ता वाचून मान हलवली.

"काकू, डिसेंबरमध्ये झाडं? डोंगरात? मेली तर आमची जबाबदारी नाही. तसं लिहून सही द्यावी लागेल."

"दे कागद. आन खाली लिव, जगली तरीबी तुमची जबाबदारी न्हाय. माजी."

खोकी पुण्याला गेली, दिल्लीला गेली आणि अंबाल्याला धुक्यात दोन दिवस अडकली. महादेवप्पा रोज आपला मोबाइल तिच्यापुढं धरून तिथलं तापमान वाचून दाखवायचा. "आज तीन, वैनी." "आज दोन." नवव्या दिवशी माल पोचला. संध्याकाळी कुसुम नेगीनं काढलेला फोटो आला. पांढऱ्या टेबलावर ओळीनं मांडलेली सुकी लाकडं. पाठोपाठ फोन. आवाज रडवेला. "रत्नाजी, इनमें तो एक पत्ता भी नहीं. मैं जल्दी से पानी दे दूँ?"

"नक्को!" रत्नम्मा एवढ्यानं ओरडली की खाली काशम्माच्या हातातून झारा पडला. "पानी बिलकुल नक्को. काच के घर में ठेवो. आठ दिन. फिर अंगूठे से पेट दाबो, एकेक का. तब बोलो."

फोटो महादेवप्पानं बघितला. अधिक काही बघायची त्याला गरज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी त्याची माणसं लोखंडी खांब घेऊन आली आणि जिन्यात उभे करून गेली. रत्नम्मानं त्या खांबांना दोरी बांधली आणि धुतलेली लुगडी वाळत घातली. त्यानं काढली, तिनं परत घातली. तिसऱ्या दिवशी तिनं खांबाच्या तळाशी लाल मिरच्याही पसरल्या, आणि मग कुणी खांबाला हात लावायला गेलं नाही, कारण ठसका सगळ्यांनाच लागत होता.

आठवा दिवस भोगीच्या आदल्या दिवशी आला. गच्चीवर गल्ली जमली. झीनतनं मोबाइल कुंडीला टेकवून उभा केला. पलीकडं लोकरीत गुंडाळलेली कुसुम नेगी, तिच्या मागं काचेबाहेर पांढरं धुकं. महादेवप्पानं खुर्ची मागवली होती, स्वतःची.

"दाबो," रत्नम्मा म्हणाली.

कुसुमबाईनं पहिल्या झाडाचं पोट दाबलं. "कड़क है."

"कडक," झीनतनं गल्लीला सांगितलं.

"कड़क. ये भी कड़क." दहा झाली. वीस झाली. विसाव्यानंतर लोक स्वतःच मोजू लागले, मंगलाष्टकासारखे एका सुरात. तेहतिसाव्यापाशी बाई थांबली, वाकली, परत दाबलं. रत्नम्माच्या हातात पदर आवळला गेला. "इसमें... इसमें तो ऊपर हरा हरा कुछ निकल रहा है!" कोंब. दोन दाण्यांएवढा. पलीकडं उणे तापमान आणि इकडं बाळीवेशीत टाळ्या.

चाळीस. एकेचाळीस. मग बाईचा अंगठा थांबला.

"ये आख़िरी वाला... नरम है."

महादेवप्पा खुर्चीतून उठला. उठायला त्याला वेळ लागतो, पण त्या दिवशी लागला नाही. "मेलं! मेलं की एक! समद्यांनी ऐकलं! आना रं खांब वर!"

"थांबा," रत्नम्मा म्हणाली. "मागितली किती?"

"चाळीस."

"धाडली किती?"

"ते काय मला ठावं न्हाय, पन मेलं की न्हाय एक?"

"बेचाळीस धाडली. कडक किती?"

त्यानं मागं हात करून खुर्ची चाचपली.

"सांगा की भावजी. मोजणीत तुमी चोख. केमला मामाला मोजाया लावलासा न्हवं? दोनशे मागितल्या, दोनशेसहा धड. काय म्हणला होता तवा?"

महादेवप्पाच्या मागून, पदरात तोंड दाबून, त्याची स्वतःची बायको म्हणाली, "बोला, कमी पडल्या का?"

काशम्मानं लग्नानंतर तेहतीस वर्षांत नवऱ्याला चारचौघांत ऐकवलेला तो पहिला शब्द. झीनत हसून हसून कुंडीवर बसली, मोबाइल आडवा झाला, आणि सोलनची बाई तिकडून विचारत राहिली, "क्या हुआ? हैलो? क्या हुआ?"

महादेवप्पानं टॉवेलनं तोंड पुसलं. माणूस चोख आहे, हे शत्रूही मान्य करतो. आपल्याच मापाला तो नाही म्हणाला नाही. "गच्ची तुमची," तो म्हणाला. "पन ते एक का मेलं, ते सांगा."

झीनतनं रत्नम्माकडे बघितलं. रत्नम्मानं तिच्याकडे बघितलं नाही. ती मोबाइल सरळ करत होती.

"उसका क्या करूँ, रत्नाजी?"

"काटो. सफेद लागेपर्यंत काटो. हळद लगाओ. और पानी," ती क्षणभर थांबली, "पानी दिखाना भी नक्को. मेरा वो लाडका है. इसलिए मरा."

कुसुमबाईला ते कळलं नाही. गल्लीलाही नाही.

त्या संध्याकाळी मोबाइलवरच्या झाडविक्रीच्या पानावर, इतर सगळ्या विक्रेत्यांच्या 'होळीनंतर' खाली रत्नम्मानं झीनतकडून लिहून घेतलं: 'सोलापूर. थंडीत पाठवणी चालू. झाड कोरडं येईल, घाबरू नका.' आठ दिवसांत मसुरीहून, मनालीहून, श्रीनगरहून विचारणा आली. डेहराडूनच्या बाईचीही आली. चादर आहे का, असं तिनं परत विचारलं. रत्नम्मानं उत्तर दिलं, चादर संपली, झाडं आहेत.

खांब जिन्यातच होते. महादेवप्पा ते न्यायला माणसं घेऊन आला, तेव्हा ती वरून वाकली.

"भावजी, आनलेच हायत तर चार ऱ्हाऊ द्या. उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधीन."

"भाडं पडंल," तो तुटकपणे म्हणाला.

"लावा की. पन चार मागितले तर पाच द्या. वाटंत मोडत्यात."